पिकल्या पानांची निगा

उबुंटूची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते. ती वापरायची कशी, हे सांगणारी सामुदायिक विकीवरची पानं स्वयंसेवकांनी लिहायची आणि स्वयंसेवकांनीच राखायची, असा रिवाज आहे. लिहिण्याची हौस पुष्कळांना असते. राखणाऱ्यांना मात्र कोणी शिस्तशीर शिकवत नाही, म्हणून हे मार्गदर्शन.

आधी जुनं पान ओळखायला शिकावं. पान ‘हार्डी हेरॉन’चं नाव घेत असेल तर ते २००८ च्या ८.०४ आवृत्तीच्या काळातलं. ‘जीकेसुडो’ लावून फाइल उघडायला सांगत असेल, तर ते हत्यार १८.०४ मध्ये उबुंटूच्या भांडारातून गेलं. नेटवर्कसाठी ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये हात घालायला लावत असेल, तर १७.१० पासून ते काम नेटप्लॅनकडे आहे. सेवा सुरू करायला अपस्टार्टच्या आज्ञा देत असेल, तर १५.०४ पासून तिथे सिस्टमडी बसलं आहे. ही सगळी लक्षणं एकाच पानात आढळली तरी घाबरू नये. अशा पानाला सर्वसमावेशक म्हणतात.

ओळख पटताच पानाच्या डोक्यावर पट्टी लावावी: ‘ही माहिती कालबाह्य असू शकते.’ यातलं ‘असू शकते’ फार मोलाचं. ‘कालबाह्य आहे’ असं लिहिलंत तर कोणीतरी विचारणार, कळलं होतं तर बदललं का नाही? सोसायटीच्या लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू आहे’ ही पाटी असते ना, तीच जात. पट्टी लागली की काम झाल्याचं समाधान लावणाऱ्याला मिळतं. वाचणारा पट्टी वाचतो, सुस्कारा सोडतो आणि दुसरं पान नसल्यामुळे खालची आज्ञा जशीच्या तशी चिकटवतो.

आर्च लिनक्सच्या विकीवर याबाबतीत नको त्या सवयी आहेत. तिथे पट्टी लावताना नेमकं काय जुनं झालं याचं कारण लिहावं अशी अपेक्षा असते आणि चर्चेच्या पानाचा दुवाही सोबत असतो. अशाने पुढच्या माणसाला दुरुस्ती सोपी होऊन बसते. अनुकरण टाळावं.

आता सर्वांत नाजूक भाग, पडताळणी. ती करू नये. त्यासाठी रिकामं यंत्र लागतं, निदान आभासी तरी. एक संध्याकाळ लागते. आणि आज्ञा आपल्या हाताने चालवून बघायची तयारी लागते. शिवाय आधार संपलेल्या आवृत्त्यांची पॅकेजं वेगळ्या ‘ओल्ड-रिलीजेस’ सर्व्हरवर हलवतात. त्यामुळे जुन्या आवृत्तीवर जुन्या पानाची आज्ञा चालवली तरी पुष्कळदा ‘४०४’ हाती येतं. आपली सोय अशी की पान वाचतो तो नवखा, त्याला चूक पानाची की आपली हे कळत नाही. तो बिचारा स्वतःलाच दोष देतो. ज्याला कळतं, तो ते पान वर्षानुवर्षं उघडत नाही. या दोघांची गाठ पडू न देणं हेच आपलं कौशल्य. ‘२२.०४ वर आज करून पाहिलं, चाललं’ एवढी एक ओळ तारखेसह कोणी लिहिली, तर ती कुठल्याही पट्टीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. म्हणूनच ती सहसा सापडत नाही.

दुरुस्ती करायचीच असेल तर भर घालून करावी, काढून कधीही नाही. आणि भर तळाशी घालावी. ‘टीप: १५.०४ नंतर वरील कृती करू नये’ हे वाक्य शेवटच्या पायरीनंतर शोभून दिसतं, तोवर वाचकाची कृती करून झालेली असते. नवं पान लिहिलंत तर उत्तमच. जुन्याला धक्का लावू नका, दोन्ही नांदोत.

कधी एखादा उतावळा पान काढून टाकायचा प्रस्ताव आणतो. त्याला सांगावं, बाहेरून दुवे येतात. तरीही ऐकलं नाही, तर सांगावं की कोणीतरी अजून ८.०४ वापरत असेल. सर्व्हरवरही त्या आवृत्तीचा आधार २०१३ मध्ये संपला. तिच्यावर बसलेला हा माणूस कोणी पाहिलेला नाही, पण समुदायात त्याच्याइतकं वजन दुसऱ्या कोणाच्याही शब्दाला नसतं.

राहता राहिलं पान ताजं करणं. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये दीर्घ आधाराची आवृत्ती येते, तो मुहूर्त साधावा. पान उघडावं, ‘२२.०४’ दिसेल तिथे ‘२४.०४’ करावं. बाकी मजकूर, आज्ञा, २०१० ची चित्रं, सगळं जसंच्या तसं ठेवावं. बदलाच्या टिपणात ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहावं आणि पट्टी काढून टाकावी.