मास्तरांचा सूर्यास्त

रविवारची उपासना संपवून गुरुवार पेठेतल्या पंचहौदाच्या घंटाघराखालून मास्तरांची स्कूटर निघते, आणि चौकात पहिली रिक्षा आडवी येते. "डोळे गहाण टाकलेत का रे?" मागून बाई पुटपुटतात, "अहो, आत्ताच प्रभुभोजन घेतलंत!"

मास्तर निवृत्त गणितशिक्षक. मत्तयाच्या शुभवर्तमानात सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितली आहे, म्हणजे 490. मास्तरांनी वही घातली. पहिल्याच सोमवारी स्वारगेटपर्यंत 41 खर्ची पडल्या. "हा आकडा माणशी धरायचा की अख्ख्या शहराला?" त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं.

"मास्तर, मोजायचं नाही, असा त्याचा अर्थ."

"मग आकडा दिला कशाला?" बेचाळिसावी क्षमा पाळकसाहेबांच्या नावे पडली.

मग त्यांनी पौलाचा इफिसकरांना केलेला उपदेश धरला : रागावर सूर्य मावळू द्यायचा नाही. यातही हिशेब आलाच. जूनअखेर पुण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहालाच. म्हणजे पावसाळ्यात भांडायला सव्वा तास जास्त. शिवाय दिवेलागणीनंतरचा राग दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर. आमच्या सोसायटीत मास्तर रात्रीच का भांडतात, ते मला तेव्हा उमगलं.

गेल्या डिसेंबरात चौथ्या मजल्यावरच्या आप्पांनी फाटकातच गाडी लावली. सकाळी दहाचा राग मास्तरांनी पावणेसहापर्यंत पुरवला. मग घड्याळ पाहिलं. लिफ्ट बंद. चार जिने चढून दारात उभे राहिले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. आप्पा घाबरले. खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा टाकला.

1890 मध्ये याच पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासमोर चहा आला, आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांकडच्या त्या चहावरून प्रायश्चित्ताचा वाद थेट शंकराचार्यांपर्यंत गेला. आप्पांच्या चहाने उलट केलं. कप रिकामा झाला, दम परत आला, आणि मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "सकाळी माझं जरा जास्तच झालं."

घरी येऊन वही उघडली, तर पंचाईत. केलेल्या क्षमांची पानंच्या पानं होती. मागितलेल्या क्षमेला रकानाच नव्हता. मास्तरांनी पट्टी घेऊन तो आखला.

आजमितीस त्यात एक नोंद आहे.