चिकटू

प्रत्येक ऑफिसात एक चिकटू असतो. त्याला टाळता येत नाही, कारण आपण टाळतोय हे त्याला कळतच नाही. निदान तो तसं दाखवतो तरी.

'द लंचबॉक्स' (२०१३) लोकांनी चुकलेल्या डब्यासाठी पाहिला. इलाचा डबा भलत्याच माणसाच्या टेबलावर जातो, मग चिठ्ठ्या सुरू होतात वगैरे. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू पडद्यावर दिसतच नाहीत, नुसता भारती आचरेकरांचा आवाज ऐकू येतो. तोही पुरतो म्हणा, वरच्या मजल्यावरची काकू दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येते. माझं लक्ष मात्र सिनेमाभर साजन फर्नांडिसच्या ऑफिसातल्या शेखवर होतं. क्लेम्सच्या खात्यात पस्तीस वर्षं मान खाली घालून काढलेला साजन, म्हणजे इरफान खान. आता निवृत्तीला आलेला. त्याच्या जागी नेमलेला शेख, म्हणजे नवाजुद्दीन सिद्दीकी. शेखला काम शिकायचंय आणि साजनला शिकवायचं नाही. शेख रोज हसतमुखानं येऊन उभा. अपमान झाला की दुसरा माणूस मागे सरतो, शेख त्याला 'नंतर या' समजतो आणि नंतर येतो.

हा माणूस लोकलमध्ये मांडीवर ऑफिसची फाइल ठेवून भाजी चिरतो. लेडीज डब्यात मेथी-गवार निवडून होते हे मुंबईत कुणाला सांगायला नको, पण फायलीचा पाट करण्याची अक्कल शेखचीच. आणि बोलताना अम्मीचा दाखला. बेटा अनाथ आहे! अम्मीचं नाव घेतलं की बोलण्याला वजन येतं, हा त्याचा खुलासा.

आमच्या अकाउंट्समध्ये असाच एक आला. आम्ही त्याला शेखच म्हणायचो, आडनाव पक्कं कोकणस्थी असलं तरी. पहिल्याच दिवशी स्टूल ओढून माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला बसला. "काका, व्हाउचर कसं लावायचं?" मी म्हटलं, "जेवण झाल्यावर." दीडला डबा उघडला तर स्टूल हजर. स्वतःकडे दोन वेलची केळी. एक सोललं, शिरा काढल्या, त्या माझ्या डब्याच्या झाकणात ठेवल्या आणि म्हणाला, "भेंडी आहे वाटतं. वास आला." मी झाकण ओढून घेतलं. "आमची आई भेंडीत चिंच घालायची," तो म्हणाला. पुढे कळलं, आई डोंबिवलीत ठणठणीत आहे आणि तिला भेंडीचा तिटकारा.

कामात म्हणाल तर आनंद. एकदा त्यानं जमेच्या रकान्यात खर्च मांडला आणि ताळा बसेना म्हणून स्वतःच्या खिशातले चाळीस रुपये टेबलावर ठेवले. चूक सापडली, साहेबांनी बोलावलं. सिनेमात साजन शेखच्या चुका स्वतःच्या अंगावर घेतो, ते पाहताना मी मनात म्हटलं होतं, मूर्ख आहे. आणि इथं साहेबांसमोर माझ्याच तोंडून गेलं, "एंट्री मी पाहिली होती." बाहेर आल्यावर वाटलं, आता हा आभार मानेल. तर म्हणाला, "काका, तुम्ही नीट बघायला हवं होतं."

तिकडे शेखच्या लग्नात त्याच्या बाजूनं वडीलधारं कुणीच नाही, म्हणून साजनला उभं राहावं लागतं. आमच्याकडे लग्न वगैरे काही नव्हतं. प्रमोशनच्या परीक्षेचा फॉर्म होता. त्यात 'ओळख देणारी वरिष्ठ व्यक्ती' असा रकाना होता, आणि तो भरूनच त्यानं मला दाखवला. माझं नाव, माझा हुद्दा, खाली माझी सही करायची जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवलेली. 'ओळख किती वर्षांची' यापुढे त्यानं लिहिलं होतं : बारा. तेव्हा त्याला येऊन सात महिने झाले होते.

मी सही केली.

गेल्या आठवड्यात बायकोनं विचारलं, "हल्ली डब्यात दोन पोळ्या जास्त का लागतात तुम्हाला? डॉक्टरांनी कमी खा सांगितलंय ना?"

"भूक वाढलीय," मी म्हटलं. "आणि भेंडीत जरा चिंच घालून बघ."