बापाने मरावं, पोराने चालावं

आमच्या सिडकोतल्या सोसायटीत नळाला पाणी येतं आठवडाभराने, आणि टँकर कधी येणार ते टँकरवाल्यालाच ठाऊक. म्हणून पुतण्याने टँकरच्या पाळ्यांचं ॲप लिहिलं. कुणाचा नंबर, कुणाचे पैसे थकलेत, सगळं मोबाईलवर. ॲप असायचं वॉचमनच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर, पण चालायचं मात्र पुतण्या घरून लॅपटॉपवर त्यात शिरलेला असेपर्यंतच. रात्री तो लॅपटॉप मिटून झोपला की ॲप प्राण सोडायचं. टँकर अर्थातच पहाटे.

त्या कॉम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे युनिक्सच्याच घराण्यातलं. यात युनिक्सचा दोष नाही, वय आहे. जन्म १९६९ चा, बेल लॅब्समधला. तेव्हा लोक दुरून फोनच्या तारेवर कॉम्प्युटरला जोडून घ्यायचे. तार तुटली म्हणजे माणूस गेला. मग त्याची कामं कशाला चालू ठेवायची? म्हणून त्याच्या प्रोग्रामांना ‘हँगअप’चा निरोप जायचा: आवरा आता. त्या तारा गेल्या, निरोप अजून जातो.

पुतण्याने आधी ‘नोहप’ लावलं. म्हणजे हा निरोप कानाआड करायचा. ॲप रात्रभर टिकलं. दुसऱ्या दुपारी लाइट गेली, आली, कॉम्प्युटर उठला, ॲप झोपलेलंच. त्याला उठवायचं कुणी?

मग तो मित्राशी फोनवर, प्रोग्राम मागे चालता ठेवायच्या जुन्या पद्धतीची चर्चा करू लागला. “बापाने पोराला जन्म द्यायचा आणि लगेच मरायचं. पोर अनाथ झालं की एक नंबरवाला त्याला दत्तक घेतो. बाप जिवंत राहिला आणि मेल्या पोराची दखल घेतली नाही, तर पोराचा झोंबी होतो.”

वहिनींचं लाटणं थांबलं. “कुणाच्या घरचं बोलू राहिला रे हा?”

खरं तर आमचं गावच पाणचक्कीचं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून यायचं आणि समोर कुणी बसलेलं नसताना जातं फिरवायचं. दर्ग्यातल्या फकिरांचं दळण निघायचं. ॲपकडूनही एवढीच अपेक्षा होती.

शेवटी सिस्टमडी आलं. २०१० पासूनचं हे प्रकरण. बहुतेक लिनक्सवर आता तोच एक नंबरवाला, म्हणजे सगळ्यांत आधी उठून बाकीच्यांना उठवणारा प्रोग्राम. त्याला दहाएक ओळींची फाइल द्यायची: काय चालवायचं, कुणाच्या नावाने (रूटच्या नको, घराच्या किल्ल्या कोण कुणाला देतं?), पडलं तर पुन्हा उठवायचं का. ‘स्टार्ट’ म्हटलं की आत्ता चालतं. ‘एनेबल’ म्हटलं की लाइट येऊन कॉम्प्युटर उठल्यावरही. दोन्ही वेगवेगळं सांगावं लागतं, आणि मला हे फार रास्त वाटतं. आमच्या घरातही ‘आज भांडी घास’चा अर्थ ‘रोज घास’ असा कुणी घेत नाही.

आता ॲप पहाटेही जागं असतं. परवा टँकर आला नाही तेव्हा चेअरमनांनी पुतण्याला गाठलं.

“ते ‘पडलं तर उठव’वालं अजून चालू आहे ना?”

“हो काका. दहा सेकंदांत पाचदा उठवून बघतं, मग नाद सोडतं.”

“पाचदा पुरे,” चेअरमन म्हणाले, “टँकरवाल्याला लावून दे.”