जीर्णोद्धारक

नवे देऊळ बांधण्यापेक्षा जुन्याचा जीर्णोद्धार करण्यात पुण्य अधिक, असे आमचे शास्त्री-पंडित सांगत आले आहेत. परंतु ज्या शास्त्रकारांनी विहिरी, तळी, धर्मशाळा आणि देवालये यांच्या पुनरुद्धाराची फळे बारकाव्याने लिहून ठेवली, त्यांच्या काळी दोन सिलिंडरांची, सहा गिअरांची आणि पेट्रोलबरोबर तेलही पिणारी मोटारसायकल अस्तित्वात नसल्यामुळे तिच्या जीर्णोद्धारकाला स्वर्गात कोणत्या आळीत जागा द्यावी, हे प्रकरण निकालाविना दप्तरी पडून राहिले आहे. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर राहणारे गृहस्थ मात्र हा निकाल आपल्याच बाजूने लागला आहे असे गृहीत धरून गेली सहा वर्षे वागत आहेत.

दिवसा ते एका बँकेच्या वसुली खात्यात अधिकारी असतात आणि थकबाकीदारांच्या कैफियती ऐकून त्यांवर कोरड्या मुद्रेने ‘नामंजूर’ असा शेरा मारतात; संध्याकाळी सहा वाजता तोच इसम पार्किंगमधील खांबाला बांधलेल्या दिव्याखाली मांडी घालून बसला की त्याच्या मुद्रेवर असे काही वात्सल्य पसरते, की ते पाहून एखाद्या थकबाकीदाराने त्याच क्षणी दरखास्त पुढे केली असती, तर व्याजासकट मुद्दल माफ झाले असते. अशा माणसाची ओळख पटवणे कठीण नसते. लग्नाच्या पंगतीत ज्याच्या नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ दिसते, आणि मंगलाष्टकांच्या ऐन सातव्या कडव्याला बाहेरच्या रस्त्यावरून एखादी गाडी गेली तर अक्षता टाकायला उचललेला हात तसाच हवेत ठेवून जो शेजाऱ्याला ‘सायलेन्सर लोकल आहे’ असे हलक्या आवाजात सांगतो, तो आमचा जीर्णोद्धारक.

त्यांचे दैवत म्हणजे ‘राजदूत 350’. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने ही गाडी 1983 साली आपल्याकडे आणली. मूळची जपानी आर.डी. 350 एकोणचाळीस अश्वशक्तीची होती, तिचे येथे येताना साडेतीस झाले, आणि पेट्रोल फार पिते अशी चहूकडून फिर्याद आल्यावर पुढे सत्तावीस झाले. साडेतीसवालीला लोक ‘हाय टॉर्क’ आणि सत्तावीसवालीला ‘लो टॉर्क’ म्हणतात, आणि या दोन शाखांमध्ये अद्यापही रोटीव्यवहार असला तरी बेटीव्यवहार नाही. ‘आर.डी.’ या अक्षरांचा अर्थ जाणकार लोक ‘शर्यतीतून घडलेली’ असा लावतात; ज्यांच्या घरात त्या काळी तरुण मुले होती त्यांनी मात्र ‘रॅपिड डेथ’ असा त्याचा स्वतंत्र अन्वय केला होता, आणि पुढच्या चाकाचा ड्रम ब्रेक पाहता तो अगदीच अनाठायी नव्हता. हा ब्रेक म्हणजे हुकूम नव्हे, विनंतीअर्ज आहे. तो गाडीपर्यंत पोचतो, त्यावर विचार होतो, आणि निर्णय पुढच्या चौकात कळतो.

ज्या देशात मुलगी देताना जावयाचा पगार आणि गाडी घेताना तिचे ‘ॲव्हरेज’ विचारण्याची वहिवाट आहे, तेथे लिटरला वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या महागड्या गाडीचे जे व्हायचे तेच झाले. शिवाय नाव ‘राजदूत’. त्या नावाची 175 सी.सी.ची दुसरी एक गाडी तेव्हा गावोगाव दुधाचे कॅन वाहत होती, आणि एकाच नावाखाली एक गवळ्याची लेकुरवाळी म्हैस आणि एक शर्यतीची घोडी असा संसार कोणत्याही गोठ्यात टिकत नाही. ऐंशीचे दशक संपता संपता घोडी बंद झाली. ज्यांनी ती तेव्हा मिळेल त्या किमतीला विकून टाकली, ते आज तिचे भाव ऐकून कपाळाला हात लावतात.

आमच्या जीर्णोद्धारकांना त्यांचे दैवत वाळवे तालुक्यातील एका शेतघरात, कडब्याच्या गंजीखाली सापडले. टाकीत कोंबडीने अंडी घातली नव्हती, कारण टाकीच नव्हती. ती पुढे जुन्या बाजारात सापडली. गाडीची किंमत त्यांनी वहिनींना सांगितली ती एक, मला सांगितली ती दुसरी, आणि विकणाऱ्याला दिली ती तिसरी; या तिन्ही रकमांचा जमाखर्च मेळवण्याचे काम वसुली खात्यातील अधिकाऱ्यालाच जमण्यासारखे आहे. तेव्हापासून बुधवार आणि रविवार जुन्या बाजाराचे, इतर दिवसांच्या संध्याकाळी नाना पेठेतील पार्टवाल्यांच्या, आणि महिन्यातून एक शनिवार कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका वृद्ध मिस्त्रींचा, अशी त्यांच्या आयुष्याची विभागणी झाली. हे मिस्त्री क्रँक प्रेसवर उघडतात, नवा रॉड बसवतात, आणि मग डायल गेजचा काटा लावून तांब्याच्या हातोड्याने अशा बेताने ठोका घालतात, की काटा थरथरत शून्याशी येऊन उभा राहतो. पहिल्यांदा तो ठोका ऐकला तेव्हा डोळ्यांत पाणी आले, असे जीर्णोद्धारक सांगतात. स्वतःच्या लग्नातील कोणत्याही विधीविषयी त्यांनी असे उद्गार काढल्याचे निदान वहिनींच्या स्मरणात नाही.

वहिनींविषयी दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल, कारण या जीर्णोद्धाराचा अर्धा भाग त्यांच्या स्वयंपाकघरात पार पडला. इंजिनाचे केसिंग गरम केले की धातू प्रसरण पावतो, बेअरिंग थंड केले की ते आकुंचन पावते, आणि दोन्ही एकाच वेळी साधले तर हातोडा न मारता बेअरिंग आपोआप जागेवर ‘टप्’ असा आवाज करून बसते, हे पदार्थविज्ञान निर्विवाद आहे. परंतु त्याच्या सिद्धतेसाठी एक बेअरिंग फ्रीजरमध्ये आमरसाच्या डब्याला टेकून रात्रभर ठेवावे लागले, आणि सकाळी पुरणाच्या आधी गॅसवर केसिंग चढले. कार्ब्युरेटर लिंबाच्या पाण्यात उकळायला निघाले तेव्हा मात्र वहिनींनी लहान कुकर कायमचा त्यांच्या ताब्यात देऊन टाकला आणि नवा घेतला. संसारातील तहनामे असेच होतात.

आता मूळ सिद्धांताकडे वळले पाहिजे. जीर्णोद्धारकांच्या धर्मात ‘ओरिजिनल’ या शब्दाला जे स्थान आहे ते वैदिकांत ‘अपौरुषेय’ या शब्दाला असेल. एखाद्या नटबोल्टच्या डोक्यावर जपानी खूण आहे की नाही हे ते भिंगातून पाहतात. कोणी आरसे बदलले तर त्याच्याशी बोलणे टाकतात. असे असता एका संध्याकाळी त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितले, की सिलिंडरचे पोर्ट त्यांनी थोडे घासून घेतले आहेत, प्लॅटिनम पॉइंटच्या जागी आतल्या आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आहे, पिस्टन अर्ध्या मिलिमीटरने मोठा आहे, आणि मूळची लो टॉर्क असलेली ही गाडी आता हाय टॉर्कच्या पंगतीत बसायला हरकत नाही. मी थक्क होऊन म्हटले, ‘‘अहो, मग ओरिजिनल काय राहिले?’’ त्यांनी माझ्याकडे, तारण न देता कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले आणि उत्तर दिले, ‘‘जे दिसते ते सगळे कंपनीचे. जे दिसत नाही ते माझे आणि तिचे खाजगी आहे.’’ मूर्तीवर वज्रलेप करणाऱ्यांची भूमिका याच्या नेमकी उलट असते. आत मूर्ती जुनी, वर लेप नवा. येथे लेप जुना आणि मूर्ती नवी. दोहोंपैकी कोणता पंथ श्रेष्ठ हे ठरवण्याचा अधिकार मला नाही.

सरकारला मात्र तो अधिकार आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 52 अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मालकाला मनास येईल तसा फेरफार करता येत नाही, आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यायचे तर पर्यावरण कराची पावती जोडून वाहन साहेबांसमोर हजर करावे लागते. हजर करण्याच्या दिवसापूर्वी रंगाचे काम होते. जीर्णोद्धारकांनी टाकीवरील रंग पॉलिश पेपरने एकेक थर करून उतरवला. प्रथम निळा, त्याखाली कुठल्याशा तरुण मंडळाचा भगवा, त्याखाली काळा, आणि सर्वांत खाली, टोपणाच्या बुडाशी, रुपयाएवढा एक लाल ठिपका. तो कंपनीचा लाल. उत्खननात ताम्रपट सापडावा तसा त्यांनी तो ठिपका सोसायटीतील प्रत्येकाला दाखवला, आणि त्यावरून रंग जुळवून घ्यायला तीन महिने घेतले.

परिवहन कार्यालयात त्यांच्याबरोबर मीही गेलो होतो. साहेबांनी प्रथम चासी नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली. कागदावर काहीही उमटले नाही. जीर्णोद्धारकांनी फ्रेमला पावडर कोटिंग इतक्या भक्तिभावाने करून घेतले होते, की गाडीत निर्विवादपणे मूळची म्हणता येईल अशी जी एकमेव गोष्ट, तो नंबर, त्याखाली बुजून गेला होता. खिशातून पॉलिश पेपर काढून, डोळे मिटून, स्वतःच्या हातांनी त्यांनी तेवढी जागा खरवडली. पोटच्या पोराचे जावळ काढताना बापाचे तोंड होते तसे त्यांचे तोंड झाले होते. अंक उमटले. मग साहेबांनी आर.सी. बुक उघडले आणि विचारले, ‘‘रंग काळा लिहिलाय. गाडी लाल कशी?’’

झाले होते असे, की मधल्या एका मालकाने गाडी काळी करताना त्याची रीतसर नोंद करून घेतली होती. सबंध इतिहासात एवढाच एक कायदा पाळणारा माणूस या गाडीला लाभला आणि त्यानेच घात केला. जीर्णोद्धारकांनी लाल हाच मूळचा रंग असल्याचे पुराव्यानिशी निवेदन केले, टोपणाखालच्या ठिपक्याचा फोटो दाखवला. साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘तुमचा ओरिजिनल तुमच्याकडे. आमच्याकडे बुकात आहे तो ओरिजिनल.’’ रंगबदलाचा वेगळा अर्ज करावा लागला, आणि त्यात ‘मूळ रंग’ या रकान्यात ‘काळा’ आणि ‘बदललेला रंग’ या रकान्यात ‘लाल’ असे जीर्णोद्धारकांना स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे लागले. इंजिनात हात घालून पाहण्याचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. सरकारने 2021 साली काढलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील गाडीला, तिच्यात मोठा फेरफार नसल्यास, ‘व्हिंटेज’ म्हणून निराळा दर्जा मिळतो. त्यांची गाडी 1985 ची असल्यामुळे ती मुदत भरायला अजून अवकाश आहे, आणि तोवर फेरफार दिसू न देण्याची तयारी त्यांनी आतापासून चालवली आहे.

पुढच्या रविवारी ते मला मागे बसवून पौडच्या रस्त्याने निघाले. गाडीचा आवाज अप्रतिम होता हे कबूल केले पाहिजे. पत्र्यावर मोती ओतावेत तसा तो टणटणत जातो, आणि मूठ पिळली की मागच्या माणसाचा आत्मा शरीराच्या दोन हात मागून येऊ लागतो. परंतु इंजिन जाम होईल या धास्तीने त्यांनी तेलाचा पंप जरुरीपेक्षा सैल सोडलेला होता, त्यामुळे आमच्यामागे निळसर धुराचे एक मेघमंडळ चालले होते, आणि पिरंगुटचा घाट चढताना एक सिलिंडर मरून गाडी कण्हत कडेला उभी राहिली. प्लग काळा पडला होता. जीर्णोद्धारकांजवळ डायल गेज होता, फीलर गेज होता, टॉर्क रेंच होता. प्लग पाना नव्हता. तो जपानी बनावटीचा मूळ टूलकिटमधला असल्यामुळे घरी काचेच्या कपाटात कापसावर ठेवलेला होता.

तासाभराने एक म्हातारे दूधवाले रिकामे कॅन खडखडवत परतताना दिसले. त्यांनी गाडी थांबवली, आमच्या टाकीवरचे नाव वाचले, आणि स्वतःच्या टाकीवर थाप मारून म्हणाले, ‘‘आमच्याच भावकीतली की, साहेब.’’ तीही राजदूत होती, 175. सीट सुतळीने शिवलेले, हेडलाईटची काच अर्धी, क्लचची केबल सायकलची. मामांनी कॅनच्या कडीला अडकवलेला पाना काढला, प्लग उघडला, धोतराच्या सोग्याने पुसला, काडेपेटीच्या कडेवर घासला आणि परत बसवला. तिसऱ्या किकला आमची गाडी दोन्ही सिलिंडरांवर बोलू लागली.

मी पैशांसाठी खिशात हात घातला, परंतु जीर्णोद्धारकांचे तिकडे लक्षच नव्हते. ते रस्त्याच्या धुळीत उकिडवे बसून दूधवाल्यांच्या टाकीचा तळ, मडगार्डची कड, बोल्टांची डोकी बोटाने चाचपत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी कापऱ्या आवाजात विचारले, ‘‘मामा, हिला कधी रंग मारलाय?’’

‘‘रंग कशाला? घेतली तशी हाय.’’

‘‘इंजिन उघडलंय?’’

‘‘रिंगा टाकल्या दोन-चारदा. बाकी काय उघडायचं?’’

जीर्णोद्धारक उभे राहिले. बँकेत कोणालाही न दिसलेले ते वात्सल्य त्यांच्या मुद्रेवर पसरले, आणि खांद्यावर हात ठेवून त्यांनी हळूच विचारले, ‘‘देणार का?’’

मामांनी एकदा त्यांच्या चकाकणाऱ्या लाल घोडीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि किक मारता मारता म्हणाले, ‘‘आन् मग सकाळी दूध काय ह्या तुमच्या गाडीवरनं घालू?’’