टाकाऊतून टिकाऊ, रात्री साडेदहा वाजता

टाकाऊतून टिकाऊ वस्तू करायची असेल, तर आधी बाजारात जावं लागतं. ज्याला हे पटत नाही, त्याच्या घरात पहिली ते पाचवीतलं लेकरू नाही असं खुशाल समजावं. आमच्या वर्ध्यात हा निरोप साधारण रात्री नऊच्या सुमारास मोबाइलवर येतो. 'उद्या येताना टाकाऊ वस्तूंपासून कासव करून आणावे.' खाली अठ्ठावीस पालकांचे हात जोडलेले पंजे. त्यानंतर एक पालक विचारतो, 'कासव कंपल्सरी आहे का?' त्यावर कुणीच उत्तर देत नाही, कारण बाकीचे सत्तावीस दुकानाच्या वाटेवर असतात.

कासवाच्या पाठीला पिस्त्याची टरफलं लागतात, असा एक सर्वमान्य सिद्धांत आहे. आमच्या घरात टाकाऊ वस्तू पुष्कळ निघतात. तुरीच्या शेंगांची सालं, जुने पंचांग, माझे दोन चष्मे. पिस्त्याचं टरफल मात्र कधी निघालेलं नाही, कारण पिस्ता कधी आलेला नाही. शेवटी मुलानं पाव किलो पिस्ते आणले आणि रात्री साडेदहाला सगळं घर कर्तव्यभावनेनं पिस्ते खात बसलं. आमच्या सौभाग्यवतींचा गुरुवार होता. त्यांनी फक्त सोलून दिले.

मग सून कासवाला बसली. मुलगा कातरीला बसला. नात, जिच्या नावानं हे सगळं चाललं होतं, ती माझ्या मांडीशी येऊन म्हणाली, "आबाजी, आई माझं कासव करून राहिली. मला हातच लावू देत नाही."

"काहून?"

"म्हणते, तू बिघडवशील."

शेजारचे भाऊ तेवढ्यात गोंद मागायला आले. त्यांच्याकडे घुबड होतं. "आबाजी, पोराले झोपवलं एकदाचं," ते समाधानानं म्हणाले, "आता निवांत अभ्यास होते."

मी वर्ध्याचा माणूस. ह्या प्रसंगी मला हसू येतं त्याचं कारण ऐतिहासिक आहे. मुलांनी हातानं शिकावं, हा ठराव ज्या गावात झाला ते हेच गाव. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं इथं शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष खुद्द गांधीजी. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि तेही एखाद्या हस्तोद्योगाच्या आधारानं, असं तिथं ठरलं. पुढं डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम बांधला. जगभर तो 'वर्धा योजना' म्हणून गेला. आपल्या गावाचं नाव इतकं लांब गेल्यावर गावानं थोडी लाज राखायला हवी की नको?

त्या समितीचं वेळापत्रक आजच्या पालकांना वाचून दाखवावं असं आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यातले तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं, मातृभाषा चाळीस मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान तीस, कवायत दहा आणि सुट्टी दहा. सुट्टी दहा मिनिटं म्हटल्यावर नात समितीच्या विरोधात गेली. पण तीन तास वीस मिनिटं हातानं काम, हे ऐकून तिचे डोळे चमकले. तिनं विचारलं, "आणि तेव्हा आया कुठं असायच्या?"

प्रश्न बिनतोड होता. आया घरी असायच्या. टकली पोराच्या हातात असायची आणि सूत तुटलं तर ते पोराचंच तुटायचं. टकली म्हणजे काय, तर एक काडी आणि तिच्या बुडाशी एक चकती. खराट्याची जाडशी काडी घ्या, फुटक्या माठाचं खापर घासून गोल करा, मधोमध भोक पाडून काडीत बसवा. झाली टकली. तार किती निघाली हे मोजता मोजता गणित येतं, कापूस कुठं पिकतो हे विचारता विचारता भूगोल येतो, अशी ती कल्पना. परिषदेत प्रा. के. टी. शहा यांनी शंका काढली होती, की शाळेतला माल बाजारात आला तर गावच्या कारागिराच्या पोटावर पाय येईल. पालकांचा माल शाळेत येईल, ही शंका मात्र त्या थोर मंडळींपैकी कुणालाही आली नाही.

आता कापसाचंच पाहा. वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या कापसाचं नाव इंग्रजांच्या काळापासून. दिवाळीनंतर रस्त्यानं कापसाच्या गाड्या निघाल्या की बाभळीच्या काट्यांनाही पांढरे झुबके लागतात. अशा मुलखात आमच्या नातीला शाळेनं कापसाचा स्नोमॅन करायला सांगितला. महिना एप्रिल. बाहेर पंचेचाळीस अंश. कूलरसमोर बसून सून औषधाच्या दुकानातून आणलेला कापूस बर्फ म्हणून चिकटवत होती. फेविकॉल कागदाला लागायच्या आत वाळत होता. नातीनं विचारलं, "ह्याला घाम काहून येत नाही?" घरातल्या इतर सगळ्यांना येत होता.

हाताला सुचेल आणि खिशाला परवडेल असं रंगीत काम आपल्याकडे नव्हतं असं थोडंच आहे? उलट विदर्भातल्या पोरांचं वर्षाचं पंचांगच त्यावर चालायचं.

पोळ्याला मातीचे बैल. आमची काळी माती सुपीक खरी, पण स्वभावानं तापट. नुसत्या मातीचा बैल केला तर वाळता वाळता त्याच्या पाठीला भेगा पडतात आणि पुजेपर्यंत शिंग गळतं. तिच्यात बारीक कुटार आणि थोडं शेण कालवायचं, चांगली मळायची, बैल सावलीत वाळवायचा. मग गेरू, चुना, नीळ आणि हळद. चार रंगांत बैल असा सजतो की नंदीनं मागं वळून पाहावं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदी घेऊन पोरं घरोघर फिरतात आणि मोठ्यांकडून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, वसूल करतात. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा फार नावाजलेला. तिथले नंदी इतके उंच, की ओढायला पोरं कमी आणि बाप जास्त लागतात. पण एवढं म्हणायला हवं, की तिथं बाप निदान उजेडात काम करतात. पहाटे दप्तरात लपवून नंदी पाठवत नाहीत.

भाद्रपद सरता सरता भुलाबाई. शंकर-पार्वतीची मातीची जोडी, तिच्याभोवती रंगीत कागदाची आरास, आणि खिरापत काय आहे हे ओळखण्याची चढाओढ. फाल्गुनात होळीच्या चाकोल्या. शेणाच्या छोट्या चकत्या थापायच्या, बोटानं मधोमध भोक पाडायचं, वाळवायच्या आणि सुतळीत ओवून माळ करायची. ह्यापेक्षा सोपी आणि फुकट कलाकृती भूतलावर नसेल. सुनेला मी हे सुचवलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय पळसावर नेला.

पळस आर्वी-कारंज्याकडे, बोरच्या जंगलाकडे फाल्गुनात असा फुलतो की डोळे दिपतात. खाली पडलेली फुलं गोळा करायची, रात्रभर पाण्यात भिजवायची किंवा सरळ उकळायची. पाणी केशरी होतं. चिमूटभर चुना टाकला की आणखी गडद. त्यानं होळी खेळा, कागद रंगवा, जुना रुमाल रंगवा. रंग पक्का बसत नाही, पण तुमच्या पोराचं मनही त्या कामात तेवढाच वेळ बसतं, तेव्हा हिशेब बरोबर.

आणि ज्वारीचे धांडे. आमच्या लहानपणी खेळण्यांचं दुकान म्हणजे धांड्यांची पेंढी. धांड्याची साल सोलायची, आतला पांढरा गाभा वेगळा काढायचा. गाभ्याचे तुकडे आणि सालीच्या काड्या. काडी गाभ्यात खुपसली की पक्की. गोंद नको, टाचणी नको. त्यातून बैलगाडी होते, खाट होते, चष्मा होतो. गाभा हळद-कुंकवात बुडवला की रंगीत माल. फक्त साल जपून सोलावी, बोट कापतं. आता शिवारात ज्वारी मागं पडली आणि सोयाबीन आलं. सोयाबीनला भाव मिळतो की नाही हा प्रश्न शेतकऱ्यानं सोडवावा, पण त्याच्या कुटारातून चष्मा होत नाही, हे मी पोरांच्या वतीनं नोंदवून ठेवतो.

शहरात धांडे नाहीत म्हणून कुणी रडू नये. हळद सगळ्यांकडे आहे. जाड पांढऱ्या कागदावर हळदीचं पाणी फासा, वाळू द्या. पिवळाजर्द कागद तयार. आता काडीला कापूस गुंडाळून ती साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा आणि कागदावर रेघ ओढा. रेघ लाल उमटते. तिच्यावर लिंबू फिरवा, पुन्हा पिवळी. हळदीत चुना पडला की ती लाल होते, आपलं जुनं घरगुती कुंकू त्याच न्यायानं व्हायचं. हा खेळ मी नातीला दाखवला आणि पेपर वाचायला बसलो. तिनं घरातल्या प्रत्येक पातळ पदार्थाची परीक्षा घेतली. ताक नापास, चिंचेचं पाणी नापास, भांडी घासायची पावडर पास. मग ती शेजारी गेली. भाऊंच्या शर्टाच्या खिशातल्या डबीतलं काहीतरी पांढरं तिनं कागदाला लावलं आणि ओरडली, "काकू, लाल झालं! काकाजवळ चुना आहे!" भाऊंनी तंबाखू सोडल्याला, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, बरेच दिवस झाले होते. विज्ञान घरोघर पोचावं असं सगळेच म्हणतात. भाऊ आता म्हणत नाहीत.

ह्या सगळ्या कामांत एक गुण समान आहे. ती मोठ्यांना पोरांपेक्षा चांगली जमत नाहीत. मातीचा बैल माझ्या मुलाचा काय आणि नातीचा काय, दोन्ही बैल डुकरासारखेच दिसतात. त्यामुळे मोठा माणूस लवकर कंटाळतो आणि उठून जातो. कलेला खरी सुरुवात तिथून होते.

हे ओळखणारी माणसं आपल्याच अंगणात होऊन गेली. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी यांनी नई तालीमची, म्हणजे ह्याच वर्धा योजनेची, शाळा उभी केली. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये तिथं कलाशिक्षक म्हणून आले आणि मुलांची चित्रं हा शिक्षणाचा पाया आहे, असं मानून पुढं पुस्तकं लिहीत राहिले. नंदलालबाबूंनी स्वतः १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी हातकागदावर देशी मातीच्या रंगांत चित्रं केली, आणि वर्धा योजनेला काँग्रेसनं मान्यता दिली तीही त्याच अधिवेशनात. गांधीजी तर आलेली पाकिटं उलटी करून त्यांवर लिहीत. त्यासाठी नवी पाकिटं मागवल्याचं कुठं वाचनात नाही. १९३८ च्याच डिसेंबरात त्यांनी मगनवाडीत मगन संग्रहालय उघडलं. सेवाग्रामची शाळाही 'आनंद निकेतन' नावानं २००५ पासून पुन्हा सुरू आहे. पुण्यात अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि जुन्या रिफिली घेऊन खेळण्यांचा ढीग उभा केला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कचऱ्याला एवढा मान दुसऱ्या कुणी मिळवून दिलेला नाही.

तर कासव शाळेत गेलं. प्रदर्शन भरलं. मीही गेलो. टेबलांवर कासवं अशी ओळीनं बसली होती की विक्रीला आहेत असं वाटावं. एकाला तर डोळ्यांत बल्ब होते. कोपऱ्यात एक कासव निराळं होतं. नारळाची करवंटी, तिला पाच पाय, रंग हिरवा आणि मधेच जांभळा. त्याचा बारका निर्माता शेजारी उभा राहून येईल त्याला सांगत होता, की पाचवा पाय हा पाय नसून शेपूट आहे, पण ते आज लंगडं आहे. त्याच्या हातांना रंग होता. बाकी सगळ्या मुलांचे हात स्वच्छ होते.

पाहुणे आले. आमच्या नातीच्या कासवापाशी थांबले. पिस्त्याची टरफलं एकसारखी, काठाला सोनेरी चमकी, पोटाखाली नाव छापील. "वा बेटा, कसं बनवलं हे?"

नात खोटं बोलत नाही. आम्ही तिला तसं वाढवलं आहे, त्याची फळं अधूनमधून भोगावी लागतात. ती म्हणाली, "मी झोपली होती ना, तेव्हा बनलं."

पहिलं बक्षीस आमच्याच कासवाला मिळालं. बल्बवाल्याला दुसरं, करवंटीला काहीच नाही. घरी आल्यावर सुनेनं प्रमाणपत्र फ्रेमला दिलं. त्यावर नाव नातीचं आहे, ही एवढीच त्यातली चूक.

आता माझं म्हणणं. मुलांच्या कामात कचरा खरा हवा आणि हात मुलांचे हवेत. बाकी सगळं चालतं. पाय पाच झाले तरी चालतात, रंग सांडला तरी चालतो, बैल डुकरासारखा झाला तरी पोळा फुटतोच. शाळांना विनंती, की वस्तू वर्गातच करून घ्या, तीन तास वीस मिनिटं जमत नसतील तर नुसती वीस द्या, आणि बक्षीस देताना आधी पोरांचे हात पाहा. पालकांना विनंती त्याहून छोटी आहे. घरातली कातरी आणि गोंद रात्री नऊनंतर कुलपात ठेवा. पोरं तोवर झोपलेली असतात. कुलूप तुमच्यासाठी आहे.