कुटुंबप्रमुखाशी नाते

शिधापत्रिकेच्या अर्जात 'कुटुंबप्रमुखाशी नाते' असा एक रकाना असतो. 2024 मध्ये दिल्लीहून राज्यांना सल्ला गेला की एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेपुरते एकाच घरातले समजावे. जोडीने बँक खाते उघडायलाही आडकाठी नाही, हेही त्याच सुमारास जाहीर झाले. आदल्या वर्षी, 17 ऑक्टोबर 2023 ला, सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला लग्नाचा हक्क नाकारला होता. तेव्हा पंगत नाही तर नाही, शिधा तरी मिळतोय, अशा बेताने आम्ही तो सल्ला वाचला. घर एक झाले. रकान्यात काय भरायचे ते मात्र कुणी सांगितले नाही. 'पती' लिहावे तर कायद्याने ते खोटे, आणि सरकारी अर्जात खोटी माहिती देणे हा गुन्हा. 2018 च्या 6 सप्टेंबरला एका गुन्ह्यातून कसेबसे सुटलेल्या माणसांनी रेशनसाठी दुसरा करू नये. 'मित्र' लिहावे तर मित्रांना शिधापत्रिकेवर घेत नाहीत. घेत असते तर नाक्यावरचा अख्खा कट्टा एका कार्डावर जेवला असता. 'आतेभाऊ' हा शब्द आमच्या कामाला आलेला आहे. भाड्याच्या घरांसाठी आमची सबंध पिढी एकमेकांची आतेभाऊ-मामेभाऊ होऊन राहिली, आणि महाराष्ट्रात आते-मामे भावंडांत लग्ने लागतात ही गोष्ट एकाही घरमालकाला कधी आठवली नाही. पण घरमालकाला चालते ते आधार क्रमांक जोडताना चालत नाही. शेवटी उरतो 'इतर'. घरात सोफा, फ्रीज, मांजर आणि इतर. तरी एक गोष्ट कबूल करायला हवी. दोन पुरुष एकत्र राहतात म्हटले की 'तुमच्यात बायको कोण?' हा प्रश्न सुशिक्षितांनाही आवरत नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो एका ओळीत निकालात काढला आहे: घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख, स्त्री नसेल तर सर्वांत मोठा पुरुष. म्हणजे बायको कुणीच नाही, जन्मतारीख बघा. इतके समंजस उत्तर आम्हाला आजवर कुठल्या व्याख्यानमालेत ऐकायला मिळालेले नाही.

आता या एका घराला मिळणार काय, ते पाहू. महाराष्ट्रात शिधापत्रिका पिवळी, केशरी किंवा पांढरी. वर्षाला एक लाखाच्या वर कमाई असली की पांढरी. शहरात दोघे नोकरदार असतील तर ते पांढऱ्यातच जाणार, आणि पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही. ते नुसतेच कपाटात राहते. म्हणजे आमच्या संसाराची पहिली सरकारी पावती ज्या कार्डावर फाटली, त्यावर दाणाही नाही. मग गरीब जोडप्यांचे तरी भले होत असेल? प्राधान्य गटात धान्य माणशी पाच किलो. दोघे वेगळ्या कार्डांवर असोत की एका, दहा किलोच. शिवाय त्या गटात बसायला शहरात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 59 हजारांच्या आत लागते. चाळीस-चाळीस हजार कमावणारे दोघे वेगवेगळे असले की दोघेही पात्र. शासनाने त्यांचे घर एक केले की ऐंशी हजार, दोघेही बाहेर. आणि सर्वांत गरिबांसाठीचे अंत्योदय कार्ड? तिथे धान्य माणशी नसते, कार्डामागे पस्तीस किलो असते. दोन कार्डांचे सत्तर, एका कार्डाचे पस्तीस. प्रेमात माणसाची भूक निम्मी होते असा समज सिनेमावाल्यांचा होता. तो पुरवठ्याच्या हिशोबातही बसतो हे नव्याने कळले. थोडक्यात, या मान्यतेमुळे आमच्यातल्या एकाही जोडप्याच्या डब्यात मूठभर तांदूळ वाढत नाही, काहींचा कमी मात्र होऊ शकतो. हुंड्याच्या चालीत निदान एका बाजूला तरी काही पडायचे.

यावर आमचेच काही सज्जन हितचिंतक म्हणतात की किलो कसले मोजता, सुरुवात झाली हे महत्त्वाचे. सुरुवात झाली असे मानायला माझी तयारी आहे. फक्त ती कुठून झाली ते बघा. महाराष्ट्रात नवऱ्याने राहते घर बायकोला बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. मुलाला, मुलीला, नातवाला दिले तरी 200. वीस वर्षे एकाच छताखाली राहिलेल्या जोडीदाराला दिले तर घराच्या बाजारभावावर टक्क्यांनी मोजायचे, म्हणजे मुंबईत लाखांत. इथे 'एकाच घरातले' हा सल्ला लागू नाही. 1956 चा हिंदू वारसा कायदा घ्या. मृत्युपत्र न करता अविवाहित पुरुष गेला तर आधी आई, मग वडील, मग भाऊबहिणी, पुतणे, भाचे, मग पुरुषांकडून जोडलेले दूरचे नातलग, मग स्त्रियांकडून जोडलेले. आयुष्यात एकदाही तोंड न पाहिलेला चुलत आजोबांचा पणतूदेखील त्या रांगेत उभा असतो. यांतले कुणीच सापडले नाही तर मालमत्ता सरकारजमा होते. म्हणजे सरकार आमचा वारस होऊ शकते, जोडीदार होऊ शकत नाही. कुटुंबप्रमुखाशी नाते विचारायचे तर एकदा सरकारलाच विचारायला हवे. द्यायचे काही नाही तिथे आम्ही एक घर; शुल्क सोडायचे असो, वारसा असो, निवृत्तिवेतन असो, तिथे आम्ही दोन अनोळखी इसम.

दुसरा आक्षेप अधिक मुरलेला असतो: 'समाज अजून तयार नाही.' हे वाक्य मला ऐकायला नकोसे झाले आहे. सगळ्या पक्षांच्या मंचांवरून, सगळ्या धर्मांच्या पीठांवरून, एरवी ज्यांचे चहाच्या साखरेवरही एकमत होत नाही ते लोक हे एकच वाक्य एका सुरात म्हणतात. 1856 साली विधवाविवाहाला कायद्याने मुभा दिली, तेव्हा समाज काय केशवपनाचे वस्तरे म्यान करून बसला होता? आणि 'परंपरेत बसत नाही' म्हणणाऱ्यांचे लाडके, आम्हाला गुन्हेगार ठरवणारे कलम 377 आले ते 1860 च्या दंडसंहितेतून. कुठल्या स्मृतीतून नव्हे, साहेबाच्या बोटीतून. शहरातला समाज तर केव्हाच तयार आहे, त्याच्या सोयीने. फ्लॅट भाड्याने देताना दोन पुरुष म्हणजे 'बॅचलर', सोसायटीत फक्त 'फॅमिली'. गणपतीची वर्गणी मागायला तेच सोसायटीवाले आले की एका दारामागे एक पावती, 'आणि कुटुंबीय' अशी. मतांच्या चिठ्ठ्या वाटतानाही दार एकच. चीड येते ती या ढोंगाचीसुद्धा नाही. त्याच 2024 मधल्या सूचनांत आणखी एक होती: जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिवावर दावा करता येईल. उपलब्ध नसतील तर! ज्याने पंधरा वर्षे त्या माणसाची औषधे वेळेवर दिली, त्याने शवागाराच्या दाराबाहेर थांबायचे आणि ज्यांनी त्या माणसाला घराबाहेर काढले ते लोक उपलब्ध आहेत का याची वाट पाहायची. हे ज्याने लिहिले त्याने दया म्हणून लिहिले असणार, आणि म्हणूनच ते वाचवत नाही. मेल्यावरसुद्धा आमचा रकाना 'इतर'च.

'एवढे कागदाचे कौतुक कशाला, प्रेम असले म्हणजे झाले', असेही कुणी म्हणते. म्हणणारा बहुधा विवाहित असतो, आणि त्याचा कागद लॉकरमध्ये असतो. त्याला उत्तर देण्यात शाई घालवणार नाही. ती दुसरीकडे लागणार आहे. तुमचे नाते कुठल्याच रकान्यात मावत नसेल तर या रविवारी मृत्युपत्र लिहा. साध्या कागदावर चालते. मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. तुमची आणि दोन साक्षीदारांची सही लागते, आणि साक्षीदार तुमचे कोण लागतात हे कायदा विचारत नाही.