कल कुणीकडे?

२०१६ पर्यंत आमच्या घरात कल हा शब्द दोनच ठिकाणी लागायचा. एक, मतमोजणीच्या दिवशी टीव्हीवर. दुसरा, गॅलरीच्या संदर्भात. कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीचा कल बाहेर असायच्या ऐवजी आत आहे, त्यामुळे जुलैत पाऊस सरळ हॉलमध्ये येऊन बसतो.

त्या वर्षी राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य अशी सात क्षेत्रं. पुतण्याने चाचणी दिली आणि निकाल आला : गणवेशधारी सेवा.

"म्हणजे वॉचमन?" आईने विचारलं.

"अगं, पोलीस, लष्कर..." दादाने समजावलं, तर 'लष्कर' ऐकून वहिनीचे डोळे भरले. ज्याच्यावरून हे चाललं होतं तो शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून वडापाव खात होता. दहा वर्षांत शाळेचा गणवेश त्याने एकदाही धड घातला नव्हता.

माझ्या वेळी, १९९२ साली, कल नव्हता. टक्के होते. अठ्ठ्याहत्तर पडले, म्हणजे डिप्लोमा. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात होते. "इन्स्ट्रुमेंटेशनला मरण नाही," ते म्हणाले. माझ्या मरणाचा विषय निघाला नाही. त्याच वर्षी लोकल खाडी ओलांडून मानखुर्दहून वाशीला आली आणि मला आयुष्यातलं खरं शिक्षण मिळालं : अनोळखी माणसांची भांडणं कान देऊन ऐकणं. घरी येऊन मी ती आवाजांसकट सांगायचो. "लोकांची बोलणी कसली ऐकतोस? अभ्यास कर," म्हणून बाबा ओरडायचे.

पुढे मी एका कारखान्यात प्रेशर गेजचे आकडे वहीत उतरवू लागलो. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी बोलावून घेतलं. वहीत मी लिहिलं होतं : 'चार नंबरचा व्हॉल्व्ह सकाळपासून नाराज आहे. पाच नंबरशी काहीतरी बिनसलं असावं.' साहेब म्हणाले, "आकडा कुठाय?" आकडा राहिलाच होता.

तेव्हापासून माझं मत झालंय की चाचणीबिचाणी कशाला, पोराला घरात कशावरून ओरडा बसतो तेवढं लिहून ठेवावं. आमच्या शेजारच्या काकांना लहानपणी प्रत्येक वस्तू चिवडतो म्हणून फटके पडायचे. आज ते तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात नुसता कांदा दाबून तो किती दिवस टिकेल ते सांगतात. आणि वास्तुविशारद चार्ल्स कोरियांना लहानपणी खेळण्यातल्या आगगाड्यांचा नाद होता. रूळ इकडून तिकडे, फाटे, स्टेशनं. पुढे त्यांनीच प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत खाडीपलीकडे अख्खं नवं शहर वसवायची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये सिडको उभी राहिली. मुलाच्या पसाऱ्याचं आपल्याकडे घर होत नाही, त्यांच्या पसाऱ्याचं शहर झालं. (आमची गॅलरी मात्र त्यांच्या खात्यावर टाकू नये. ती ठेकेदाराची ललित कला.)

तर पुतण्या. गणवेशाचा कागद फाइलमध्ये गेला आणि तो कॉमर्सला, कारण समोरच्या बिल्डिंगमधली तिघं कॉमर्सला होती. मग बीकॉम, मग ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी. कानाला हेडफोन लावून तो पहाटेपर्यंत परदेशातल्या लोकांची माफी मागायचा आणि दिवसा झोपायचा. झोपेतही "सॉरी सर" ऐकू यायचं.

ओरडा कशावरून बसायचा ते मला चांगलं आठवतं. सोसायटीच्या गणपतीत प्रसादाला पोरांची झुंबड उडाली की हा पुढे होऊन सगळ्यांना रांगेत लावायचा. लहान पुढे, मोठे मागे, आजी-आजोबा खुर्चीवर. एकदा त्याने आमच्या आईलाच मागे उभं केलं. ती कडाडली, "तू कोण टिकोजीराव रे?"

नवी मुंबईच्या विमानतळाची पायाभरणी २०१८ साली झाली आणि पहिली विमानं उडाली ती २०२५ च्या नाताळात. पुतण्याचा कलही साधारण त्याच गतीने उगवला. ऐरोली सोडून तो तिथे लागला. पहिल्या दिवशी घरी आला तो चकचकीत पिवळं जाकीट, गळ्यात पट्टा, आणि शर्टाची सगळी बटणं लावलेली. वहिनी बघतच राहिली.

आईने चष्मा पुसून त्याला खालपासून वर न्याहाळलं. "म्हणजे वॉचमनच ना?"

"नाही गं आजी. प्रवाशांना रांगेत लावायचं. म्हातारी माणसं, लहान मुलं आधी सोडायची."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "विचार ना, पगार किती देतात टिकोजीरावाला?"